आजचं चिंतन : पहिला गुरू, पृथ्वी



आजचं वाचन श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७. श्रीकृष्ण उद्धवाला यदुराजा आणि अवधूताची कथा सांगतात. यदू विचारतो, तू इतका निश्चिंत कसा? मग अवधूत आपले २४ गुरू सांगायला लागतो. पहिली येते पृथ्वी. प्राणी तिला कितीही छळोत, ती आपला मार्ग सोडत नाही. तिच्याच बरोबर डोंगर आणि झाड येतात, ज्यांचं असणंच मुळी दुसऱ्यासाठी.

मित्रांनो, 'क्षमा' हे पृथ्वीचंच एक नाव. पारायणात मी या जागी आलो की पटकन पान उलटायचो. कारण घरचं. दारव्ह्याच्या शेतातल्या धुऱ्यावरून मोठ्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद होतं.

या पौषात आई म्हणाली, दोघंही मला माहूरला न्या. आर्णीमार्गे निघालो. गाडीत बोलत होती ती एकटी आईच. रेणुकामातेचं दर्शन झालं. दत्तप्रभू जिथे निद्रेला येतात असं आपण मानतो ते हे माहूर. दत्तशिखरापर्यंत गाडी जाते. तिथे आई म्हणाली, "मी नाम घेत बसते, तुम्ही दोघं अनसूयामातेला जाऊन या." आईपुढे काय बोलणार! रस्ता सोडून रानातली पायवाट धरली.

पावसाळ्यात शेवाळ असतं, हिवाळ्यात वाट कोरडी आणि सोपी, असं मला शहरात राहून वाटायला लागलं होतं. तसं नाही. उन्हाच्या अंगाला वाट खडखडीत, पण धार ओलांडून सावलीच्या अंगाला गेलो की नऊ वाजले तरी दव तसंच. सागाची परातीएवढी पानं पडलेली. वरची कुरकुरतात, खालची ओली असतात, आणि त्यांच्याखाली सुटा मुरूम. दगड कुठे, खळगा कुठे, काही दिसत नाही. सॉक्सभर कुसळं. चढताना हे जाणवतच नाही, कारण नजर पायाशी असते. उतरताना नजर पुढे जाते, दूरच्या डोंगरावर, आणि तिथेच फसगत होते.

माझी झाली. उतरताना पाय सरकला, दहा-बारा फूट घसरत गेलो, तळहात सोलले. माझा पहिला विचार काय असावा? की हा आता मनातून हसत असेल.

भाऊ आडवी पावलं टाकत खाली आला. हातातली काठी माझ्याकडे केली. "पाय आडवा टाक. टाच रोव. पाल्यावर भरोसा ठेवू नको, खाली मुरूम हाय."

दोन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य. तो पुढे, मी त्याच्या पावलात पाऊल ठेवत मागे. आम्ही हातभर धुऱ्यासाठी भांडतो, आणि ती जमीन दोघांचेही पाय झेलत असते. पान उलटून पुढे जायची सोय तिथे नव्हती.

वर आलो. आईने माझे हात पाहिले, त्याच्या हातात नसलेली काठी पाहिली, आणि जपमाळ सुरूच ठेवली.

(तुम्ही जाणार असाल तर ऊन चांगलं वर आल्यावर निघा, काठी घ्या. आणि गवत वाळलेलं असतं, विडी-काडी अजिबात नको.)

परतल्यावर भावाला दोनदा फोन लावला. उचलला नाही. उद्या पुन्हा लावतो.

उद्याचं वाचन : दुसरा गुरू, वायू.