साक्षी आणि कर्ता
चिखलीच्या बाजारात येणाऱ्या सोयाबीनचे वजन आणि चुकारे यांची संगणक-आज्ञावली कोणी लिहू लागला, तर प्रत्येक कार्यात अधिकाराची तपासणी व दप्तरी नोंद यांची पुनरुक्ती शिरते. अशी सर्वत्र पसरणारी कामे मूळ कार्यापासून विलग करण्याची पद्धती संगणकशास्त्रज्ञ ग्रेगर किक्झालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडली. तिला तयार चौकट अनिवार्य नाही: एका फंक्शनला दुसऱ्याचे वेष्टन घातले, की ते आधी तपासते, आतल्याला हाक देते, मग नोंद करते, आणि आतल्याला त्याची वार्ताही नसते. मुंडकोपनिषदातील, फळ न खाता केवळ पाहणारा पक्षी येथे स्मरतो. परंतु नोंद करणारे वेष्टनच साक्षी होय, परवानगी नाकारून चुकारा अडवणारे कर्ता झाले, आणि ते कर्तृत्व अदृश्य ठेवणे मला अधर्म्य वाटते, कारण अडवणारा कोण, हे विचारण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे.