टॅटूला जाताना पिशवीत काय नेशील?

भाचीबाई,

तुझ्या आईचा परवा फोन आला होता. पोरगी हातावर गोंदवून घेतेय, तू तरी चार शब्द सांग, असं तिचं म्हणणं. तसले चार शब्द मी सांगणार नाही. हात तुझा आहे, तू सज्ञान आहेस, आणि आपल्याच घरात आजीच्या कपाळावर, हनुवटीवर नि दोन्ही हातांवर गोंदण होतं. दागदागिने इथंच राहतात, मेल्यावर बरोबर येतं ते गोंदण, असं ती सांगायची आणि तुझी आई मान डोलवायची. तो वाद तुम्ही मायलेकींनी आपसात मिटवा.

तू विचारलंस ते मात्र माझ्या अखत्यारीतलं आहे: बरोबर काय काय घ्यायचं? माझी सगळी नोकरी वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरात गेली. सुया आणि सुयांना घाबरणारी माणसं, दोन्ही पुष्कळ पाहिली. म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोक ही पिशवी दुखणं कमी व्हावं म्हणून भरतात. दुखणारच, आणि हाताच्या आतल्या बाजूला ते सोसण्याजोगं असतं. मी पिशवी भरायला सांगते ती डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. समोरच्यानं मशीन हातात घेतल्यावरसुद्धा तुला "थांबा जरा" म्हणता आलं पाहिजे. उपाशी, घाबरलेल्या आणि एकट्या पोरीला ते जमत नाही.

तेव्हा आधी खाणं. दीडची वेळ आहे म्हणालीस, तर बाराला वरण-भात-भाजी पोटभर जेवून निघ. त्या दिवशी शनिवार-बिनिवारचा उपास धरू नकोस. रक्तदान शिबिरांत मी तालमीतले गडी आडवे झालेले पाहिलेत. सुई पाहून किंवा टोचल्यावर काही जणांच्या नाडीचे ठोके एकदम मंदावतात, रक्तदाब उतरतो, कानांत शिट्टी वाजते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ह्यात शौर्याचा प्रश्न नाही, शरीराची ती प्रतिक्रिया आहे आणि रिकाम्या पोटी ती लवकर येते. पिशवीत दोन केळी, शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू आणि लिंबू-मीठ-साखर घातलेल्या पाण्याची बाटली ठेव. चक्कर येतेय असं वाटलं की लगेच बोल, खुर्ची मागे करायला सांग, पाय उंच घे. चांगले आर्टिस्ट अशा वेळी स्वतःहून थांबतात. त्यांना ह्याची सवय असते.

आदल्या रात्री दारू नको, हे मी गृहीत धरलेलं आहे. तरी लिहून ठेवते. डोकं दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनच्या जातीची गोळीही घेऊ नकोस. त्यांनी रक्त जास्त वेळ झिरपतं आणि आर्टिस्टला सारखं पुसत बसावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र आपल्या मनानं बंद करायचं नाही, आधी त्यांनाच विचारायचं. बधिर करणारं मलम मेडिकलमधून आणून घरूनच चोपडून जाशील, तर तेही नको. काही आर्टिस्टना ते चालत नाही. शिवाय मोठ्या भागावर जाड थर देऊन वर प्लास्टिक गुंडाळलं की औषध रक्तात किती उतरेल ह्याचा भरवसा नसतो. लावायचंच असेल तर आधी विचारून, थोडं.

कपड्यांबद्दल दोन ओळी पुरेत. गडद रंगाचा, बाह्या सहज वर सरकतील असा जुना सैल सुती कुर्ता घाल. शाईचे डाग निघत नाहीत. एसी अंगावर येतो, एक ओढणी राहू दे. चार्जर आणि इअरफोन तू सांगितल्याशिवायही घेशीलच, पण एक कान मोकळा ठेव.

आता कागद. सगळ्या पिशवीत मला हाच महत्त्वाचा वाटतो.

तू "निर्भय" लिहून घेणार आहेस आणि त्याखाली आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन. शब्द मोबाइलवर टाइप करून पाठवलास आणि काम झालं, असं समजू नकोस. देवनागरी अक्षरं चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की पुष्कळदा मोडतात. वेलांटी आपण उच्चारतो "न"नंतर, पण काढतो "न"च्या आधी. भारतीय लिप्यांची नीट सोय नसलेल्या प्रोग्रॅमला हे कळत नाही आणि तो ती "न" आणि "र" ह्यांच्या मध्ये ठेवून देतो. रफार भ-वर चढायचा सोडून पाय मोडका "र" होऊन खाली उभा राहतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या किंवा देवनागरी न वाचणाऱ्या कारागिराला त्यात काही वावगं दिसत नाही. तो समोर दिसेल तसं इमानदारीनं काढतो, आणि एकदा काढलं की ते तुझं. म्हणून पांढऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं, ठळक बोरूच्या वळणात, शब्द मोठा लिहून ने. पहिली वेलांटी, भ-वर रफार. दोन प्रती कर.

डेव्हिड बेकहॅम ह्या फुटबॉलपटूनं २००० साली बायकोचं नाव हातावर देवनागरीत गोंदवून घेतलं. हिंदीवाले अजून हसतात की त्यात एक "ह" जास्तीचा पडलाय. मला त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते. "व्हिक्टोरिया" असंच तर आपण मराठीत लिहितो, बोरीबंदरच्या स्टेशनवर पिढ्यान्‌पिढ्या तसंच वाचलं! पण बिचाऱ्यानं मराठी म्हणून थोडंच लिहून घेतलं होतं. सांगायचं एवढंच की कुठल्या भाषेत कसं लिहायचं हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसानं तो कागद आधी पाहिलेला असावा. तुझ्या मैत्रिणी हल्ली मोडीत नावं काढून घेतात असं ऐकते. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत आणि हात सरावलेला नसेल तर एक अक्षर दुसऱ्यासारखं दिसतं. तिथं मोडी वाचणारा जाणकार गाठल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागदावरून शब्द स्टेन्सिलवर येईल आणि स्टेन्सिलवरून जांभळट रेषांत तुझ्या हातावर उमटेल. टॅटूच्या यंत्राचा उगमही गंमत म्हणजे कागदातच आहे. एडिसननं कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढण्यासाठी विजेचं पेन केलं, १८७६ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं १८९१ साली टॅटूच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. तर स्टेन्सिल उमटली की थांब. आरशात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून आरशावर विसंबू नकोस. मोबाइलनं साधा फोटो काढ, बरोबर आलेल्या मैत्रिणीला तो शब्द मोठ्यानं वाचायला लाव, आणि तुझ्या कागदाशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघ. पसंत नसेल तर स्टेन्सिल पुसून पुन्हा लावता येते. कितीही वेळा. संकोच करू नकोस.

आणखी एक कागद ने: आजीच्या हाताचा फोटो, मोठा छापून. तुळशीवृंदावनाचं चित्र कळावं म्हणून तर तो हवाच, पण नीट बघ, तिच्या रेषा काळाच्या ओघात पसरल्या होत्या. काळ्या काजळीच्या हिरवट-निळ्या झाल्या होत्या आणि वृंदावनाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, दीड-दोन मिलिमीटर खोल बसते. वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो, म्हणून तिथली शाई टिकत नाही. खालच्या थरात शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या पेशी मेल्या की दुसऱ्या येऊन तेच कण उचलतात. म्हणून टॅटू राहतो आणि म्हणूनच रेषा हळूहळू जाड होत जाते. तुला नाजूक, नखाएवढी अक्षरं आवडतात, मला माहीत आहे. पण "भ"ची गाठ आणि रफारामधली मोकळी जागा इतकी बारीक ठेवलीस, तर तुझ्या चाळिशीत तिथं ठिपका उरेल. आर्टिस्टला आजीचा फोटो दाखव आणि अक्षरं थोडी मोठी करून माग.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. लसीकरणाचं कार्ड. हिपॅटायटिस बी ची लस आपल्याकडे सरकारी लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास. तुझा जन्म त्याच्या आधीचा. खासगी दवाखान्यात दिली असेल तर कार्डावर तीन डोस दिसतील: पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. आम्हा नर्सना एक ढोबळ हिशोब पाठ करायला लावत. बाधित रक्त लागलेली सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता, लस नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. सी ची शंभरात तीनच्या आसपास. एचआयव्हीची हजारात तीन. बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात आठवडाभरही तग धरतो. आणि सी किंवा एचआयव्हीवर लसच नाही. तिथं स्वच्छ सुई हाच एक उपाय.

म्हणून पाहायचं काय? सुई किंवा कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून तुझ्या डोळ्यांदेखत फोडलेलं हवं, त्यावरची मुदतीची तारीख तू वाचायची. शाई मोठ्या बाटलीतून एकदाच वापरायच्या छोट्या टोपणात ओतलेली हवी. उरलेली पुन्हा बाटलीत परत गेली तर उठ. हातमोजे नवे हवेत, आणि त्याच मोज्यांनी फोन उचलला तर बदलायला सांगायचे. वापरलेल्या सुया टाकायला न भोसकला जाणारा बंद डबा हवा. जत्रेत, चौपाटीवर, गोव्यात किनाऱ्यालगत बॅटरीवरच्या मशीननं एकाच सुईनं रांगेनं गोंदणारे बसतात, दोनशे रुपयांत नाव काढून देतात. आजीच्या वेळीही एकच सुई सगळ्या बायकांना फिरायची, आजी निभावून गेली. म्हणून सगळ्याच निभावल्या असतील असं मी नर्स म्हणून मानत नाही.

बरोबर एकच मैत्रीण ने, आणि ती बडबडी नको, बघणारी हवी. चार जणी गेल्या की हास्यविनोदात कुणीच पाकिटावरची तारीख वाचत नाही. तुझी ती पोलीस दलाच्या भरतीची तयारी करणारी मैत्रीण येणार असेल आणि तिथं तिलाही लहर आली, तर तिला आवर. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत टॅटूची जागा आणि आकार दोन्ही पाहतात. सलाम न करणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर टॅटू चालतो, तोही त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान असेल तर. तूही कॉलेजच्या रक्तदान शिबिरात पुढचं वर्षभर नाव देऊ नकोस, आपल्याकडचा नियम बारा महिन्यांचा आहे.

आधार कार्ड ने, वयाचा पुरावा मागतात. पैसे ठरल्यापेक्षा थोडे जास्त ठेव. आणि घासाघीस फोनवरच काय ती करून घे, खुर्चीत बसल्यावर नको.

परतीची तयारी लोक विसरतात. ताजा टॅटू ही उघडी जखम आहे. वर पातळ फिल्म चिकटवली असेल तर ती किती दिवस ठेवायची हे विचारून लिहून घे. घरी बिनवासाचा सौम्य साबण, कोमट पाणी, टिपायला कागदी नॅपकिन आणि साधं मॉइश्चरायझर आधीच आणून ठेव. खपली धरली की खाजतं. नख लावायचं नाही. हळद-तूप चोळण्याचा सल्ला तुझी आई देईल, तो ऐकू नकोस. बसमध्ये गर्दीच्या वेळी चढू नकोस, रिक्षा कर. स्कूटरवर उन्हात हात उघडा नको. दोन-तीन आठवडे पोहणं बंद, समुद्र तर नकोच. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालात नाचायचं असेल, तर टॅटू तिच्या बराच आधी किंवा सरळ नंतर. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला, तर स्टुडिओला फोटो पाठवत बसू नकोस, डॉक्टर गाठ. आपल्या घरात जखमेच्या जागी उंच वण उठण्याची प्रवृत्ती आहे, तुझ्या मामाच्या खांद्यावरचा वण पाहिलास ना? तुझ्या कान टोचल्याच्या जागी तसं काही झालं होतं का, तेही आईला विचार. झालं असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

आज रात्रीच आईकडून लसीचं कार्ड शोधून घे आणि त्याचा फोटो मला पाठव. तीन डोस पुरे नसतील तर शनिवारची वेळ रद्द कर. ॲडव्हान्स बुडाला तर मी भरीन.

तुझी,
मावशी