आजी, अडतं कुठं?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका जुन्या घरात 78 वर्षांच्या एक आजी एकट्या राहत. आजोबा गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडली, पुढे तेही गेले. मुलगा पुण्यात. आजींचं सगळं स्वतःच्या हातानं चाले. पाणी भरायचं, कडक भाकरी करायची, खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायची.

एका सकाळी न्हाणीत पाय घसरला. हाड वाचलं, पण मुलगा धास्तावला. त्यानं डबा लावला, कामाला बाई ठेवली आणि आईला बजावलं, "आता कशाला म्हणून हात लावायचा नाही."

त्यात माया होती. पण दोन महिन्यांत आजींनी खाट धरली. प्यायच्या पाण्यासाठीही हाक मारू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "मार कधीच बरा झालाय. वापर थांबला की स्नायू झिजतात, आणि या वयात फार लवकर."

मुलानं आईला पुण्याला न्यायचं ठरवलं. बंद घराचं दार नीट असावं म्हणून गल्लीतल्या सुतारमामांना बोलावलं. बिजागरी बसवता बसवता मामांनी विचारलं, "आजी, पडलात कशानं? अडतं कुठं तुमचं?"

आजी भिंत धरून उठल्या आणि त्यांना न्हाणीत घेऊन गेल्या. "ही शहाबादी गुळगुळीत झालीय. दिवा मिणमिणता. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून पिंप भरून ठेवायचं. त्यातनं वाकून बादली काढताना तोल गेला बघा."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. एवढ्या दिवसांत हे त्यानं आईला विचारलंच नव्हतं.

पुण्याला जायचं राहिलं. न्हाणीच्या भिंतीत धरायला पक्की दांडी आली, फरशी टाकी लावून खरखरीत केली, उजेडाचा दिवा लागला. पिंप कट्ट्यावर चढवून त्याला खाली तोटी बसवली. माळ्यावरचे डबे कमरेच्या उंचीला आले. फोनजवळ मोठ्या आकड्यांत शेजारणीचा नंबर लिहिला आणि त्याखाली ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, 14567. शेजारीण रोज सकाळी दार वाजवू लागली. बाई राहिली, पण जड कामापुरती.

आजी आधी चुलीपर्यंत चालल्या, मग दारापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत. संक्रांतीला मुलगा गड्ड्याच्या जत्रेला आला, तेव्हा त्याच्या ताटात आईनं कुटलेली चटणी होती.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाचं काम काढून घेतलं की त्याचं बळही त्याबरोबर जातं. घरातल्या थोरांना मदत करायची तर आधी त्यांनाच विचारावं, कुठं अडतं. अडेल तेवढंच सावरावं, बाकीचा संसार त्यांच्याच हाती राहू द्यावा.