परक्याची बंदूक

के. आर. पुरमला आम्ही राहायला आलो त्याला वीस वर्षं झाली. रस्त्यावर कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी कानावर पडते, मराठी घरापुरती. एखादा रिक्षावाला चिडून म्हणतो, ‘तुम्ही बाहेरचे.’ खरंच आहे. पण बाहेरचं असणं हा अपराध कधी ठरतो?

या प्रश्नापाशी मला इराणमधलं बुशेहर आठवतं. पहिल्या महायुद्धात इराणने तटस्थता जाहीर केली होती. तरीही ऑगस्ट 1915 मध्ये ब्रिटिशांनी ते बंदर घेतलं आणि इराणच्याच टपाल तिकिटांवर ‘ब्रिटिशांच्या ताब्यातलं बुशायर’ अशा अर्थाचा इंग्रजी ठसा उमटवला. कब्जाची कबुली इतक्या टापटिपीने क्वचितच छापली जाते. तंगिस्तानचा रईस अली दिलवारी बंदूक घेऊन उठला आणि सप्टेंबरात मारला गेला. त्याच्यासमोर हिंदी शिपाई होते. नावात वऱ्हाड असलेली 96 वी बेरार इन्फंट्री त्यांत होती.

वऱ्हाडाशेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्याच युद्धात इराणात होते. गदर पक्षाचे, इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांच्या बाजूने. तेही परकेच, त्यांच्याही हाती बंदूक. मग फरक कोणता?

हेतू चांगला होता, एवढ्यावर भागत नाही. खानखोज्यांचं ध्येय हिंदुस्थान होतं, इराण ही वाट होती; आणि मदत देणाऱ्या जर्मनांचा स्वार्थ तर उघडच होता. मला फरक दिसतो तो एवढाच: टोळीवाले खानखोज्यांना ‘आता जा’ म्हणू शकत होते. बुशेहरमधल्या फौजेला तसं म्हणायचं तर बंदूकच उचलावी लागे. जिथे नुसता नकार पुरत नाही, तिथे प्रतिकार न्याय्य होतो.

तरी एक सल उरतो. दिलवारीच्या माणसांच्या गोळीने पडलेला शिपाईही कुठल्यातरी शेतकऱ्याचा मुलगा. खाल्ल्या मिठाला जागणारा. गोळी झाडणारा चुकला नाही, म्हणून मरणाऱ्याचं दुःख कमी होत नाही. न्याय्य लढाईचा हिशेब कधीच पुरता मिटत नाही, आणि तो मिटला असं सांगणाऱ्यापासून सावध राहावं.

खानखोजे पुढे मेक्सिकोत शेतकी शिकवू लागले. परकेच राहिले, पण हाती बियाणं होतं. रिक्षावाल्याला मी हल्ली मोडक्या कन्नडमध्ये उत्तर देतो. तो हसतो. मला ‘जा’ म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे आहे, हे मात्र विसरत नाही.