पितळेचे पूर्वसंस्कार

द्रव्याचा आकार बदलला म्हणजे त्याचे पूर्वचरित्रही पुसले जाते काय, हा प्रश्न दर्शनशास्त्रांत बहुधा सूत आणि वस्त्र यांच्या उदाहरणाने मांडला जातो, आणि चादरींच्या सोलापुराला ते उदाहरण जवळचे वाटावे हे स्वाभाविक आहे. तथापि ज्या वस्तूला एकदा आकार मिळून गेला आहे, तिला दुसरा आकार देताना काय घडते, हे त्यातून पुरेसे उलगडत नाही. त्यासाठी रायफलीच्या काडतुसाची वापरलेली पितळी पुंगळी अधिक उपयोगी पडते. परदेशांतील काही हौशी नेमबाज एका मापाची पुंगळी घरच्या यंत्रावर दाबून दुसऱ्या मापाची करतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून असे काही करता येत नाही, आणि महाराष्ट्रात काडतुसे घडवण्याचे काम खडकीच्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी चालते.

सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ थंड स्थितीत दाबले की किंचित मागे उसळते. वस्तूला पूर्वस्थितीकडे नेणाऱ्या अशा गुणाला वैशेषिक ‘स्थितिस्थापक संस्कार’ म्हणतात. त्यांनी तो प्रामुख्याने पृथ्वीद्रव्याचा मानला, त्यामुळे धातूला तो लावणे हा येथे केलेला विस्तार समजावा. उसळून न गेलेला ताण धातूच्या आतच कोंडून राहतो. ब्रिटिश लष्कराने हिंदुस्थानात तबेल्यांत साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत, कारण घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा या सहकारी कारणांनी तोच ताण फळाला येई. वरून निर्दोष दिसणारी पुंगळी कोठीत पडल्या पडल्या फाटावी, याहून संचित कर्माचे नेमके उदाहरण सापडणे कठीण.

धातू वितळवला तर हे सारे चरित्र संपते. एका तोफेवर तशी वेळ येता येता टळली. सोलापूरच्या एका बाजूला परंडा आणि दुसऱ्या बाजूला विजापूर. या दोन्ही ठिकाणी राहिलेली, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ १८५४ च्या लिलावात अवघ्या १५० रुपयांच्या बोलीवर मोडीत निघण्याच्या बेतात होती. विक्री रद्द झाली म्हणून ती वाचली.

पितळ न वितळवताही ताण घालवता येतो, तो बेताने तापवून. मडके भाजताना ते परमाणूंपर्यंत विघटित होऊन पुन्हा घडते असे वैशेषिकांचे पीलुपाकमत, तर ते अखंड राहूनच पालटते असे नैयायिकांचे पिठरपाकमत. तापवलेल्या पितळेचा बाह्य आकार तसाच राहतो, आत मात्र जुन्या ताणलेल्या कणांच्या जागी नवे स्फटिककण उगवतात; म्हणजे आकाराबाबत नैयायिकांचे आणि अंतर्रचनेबाबत वैशेषिकांचे म्हणणे जुळते. प्रायश्चित्ताच्या चर्चेत वितळवणाऱ्या अग्नीऐवजी केवळ ताण घालवणाऱ्या या दुसऱ्या अग्नीचा विचार व्हावयास हवा, कारण तेथेही देह तोच ठेवून संस्कार बदलण्याचाच दावा केलेला असतो.