दुसऱ्या दिवसाची दया

मुक्या प्राण्यांवर दया करावी, हे कोणीही नाकारीत नाही. आपल्या मुलांना आपण ते धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्गापासून शिकवितो. परंतु एखाद्या कुटुंबाने पावसात भिजत पडलेली, आईवेगळी झालेली कुत्र्याची पिले खरोखरच घरात आणली, त्यांच्यासाठी औषधे विकत घेतली, रात्री उठून त्यांना भरविले, की आळीतील भाषा बदलते. रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात हलक्या आवाजात एक प्रश्न फिरू लागतो : माणसांना दोन वेळचे अन्न मिळत नाही आणि ही मंडळी कुत्र्यामांजरांवर पैसे उधळतात; हे ख्रिस्ती माणसाला शोभते काय?

हा प्रश्न कुत्सितपणे विचारला गेला, तर तो झटकून टाकणे सोपे असते. पण तो नेहमीच कुत्सित नसतो. ज्याने स्वतः उपास काढले आहेत, ज्याच्या घरात आजारी माणसाच्या औषधाला पैसे कमी पडले आहेत, त्याच्या तोंडून तो आला, तर त्याला उत्तर देणे आपले कर्तव्य ठरते. म्हणून तो येथे गांभीर्याने घ्यावयाचा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात या विषयाला मोजून चार परिच्छेद दिलेले आहेत. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, तो त्यांची काळजी वाहतो आणि केवळ आपल्या असण्यानेच ते त्याचा गौरव करतात. म्हणून माणसाने त्यांच्याशी सदयतेने वागले पाहिजे, असे हा ग्रंथ सांगतो. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तो मुभा देतो, परंतु विनाकारण त्यांना क्लेश देणे वा त्यांचा जीव घेणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक मानतो. त्याच दमात तो दोन मर्यादाही घालतो. मानवी दुःखाच्या निवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर खर्च करणे अनुचित होय. आणि प्राण्यांवर प्रेम करावे, मात्र जी ममता केवळ माणसाचा हक्क आहे ती त्यांना देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहून सृष्टीतील प्रत्येक जीवाचे स्वतंत्र मोल सांगितले. त्याच पोपमहोदयांनी जानेवारी २०२२ मध्ये, मुले नको म्हणून कुत्री-मांजरे पाळणाऱ्या दाम्पत्यांविषयी खेद व्यक्त केला. या दोन गोष्टींत विसंगती नाही. त्या एकाच शिकवणुकीच्या दोन बाजू आहेत.

तेव्हा देवळाच्या आवारातील प्रश्नकर्त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे प्रथम मान्य करू या. घरातील वृद्ध आईची औषधे थांबवून कोणी कुत्र्याला मांस चारीत असेल, तर त्याला दया म्हणता येणार नाही. परंतु येथे एक दुसरा प्रश्न उभा राहतो. जो माणूस त्या पिलांवर खर्च करीत नाही, त्याचे ते वाचलेले पैसे खरोखर गरिबाकडे जातात काय?

योहानकृत शुभवर्तमानात बेथानीचा प्रसंग आहे. मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणी ओतले, तेव्हा एका शिष्याने आक्षेप घेतला की, हे तेल तीनशे रुप्यांना विकून ते पैसे गरिबांना का दिले नाहीत. आक्षेप वरकरणी निर्दोष होता. पण तो घेणाऱ्याला गरिबांची चिंता नव्हती, हे शुभवर्तमानकार लगेच नोंदवितो. प्रत्येक प्रश्नकर्ता यहूदा असतो असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, गरिबाचे नाव घेऊन दुसऱ्याच्या दयेचा हिशेब मागणाऱ्याने आधी आपल्या वहीचे पान उघडावे.

दया ही तिजोरीतील रकमेसारखी नसते. एकाला दिली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. याची साक्ष संतांच्या चरित्रांत मिळते. पेरू देशातील लिमा नगरीचे संत मार्टिन दी पोरेस यांचा जन्म १५७९ सालचा. वडील स्पॅनिश सरदार, आई गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. त्यामुळे लहानपणापासून उपेक्षा त्यांच्या वाट्याला आली. न्हाव्याचे व शल्यवैद्याचे काम शिकून ते डोमिनिकन मठात राहिले आणि तेथील रुग्णांची सेवा करीत राहिले. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची, रस्त्यावर पडलेल्या भिकाऱ्यांची त्यांनी शुश्रूषा केली. याच मार्टिन यांनी आपल्या बहिणीच्या घरी जखमी व बेवारस कुत्र्यामांजरांसाठी आश्रयस्थान चालविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १६३९ साली ते निवर्तले. १९६२ साली पोप तेविसावे योहान यांनी त्यांना संतपद दिले. गुलामाची जखम धुणारा हात आणि कुत्र्याची जखम धुणारा हात एकच होता. एका सेवेने दुसरीला अडविल्याचे त्यांच्या आयुष्यात दिसत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांशी क्रूरपणे न वागण्याचे एक कारण दिले होते : जो जनावराशी निर्दय होतो, तो पुढे माणसाशीही निर्दय होतो. हे खरेच आहे. पण एवढ्याने समाधान होत नाही. रस्त्याच्या कडेला मोडल्या पायाने कण्हणाऱ्या कुत्र्याची वेदना ही आपल्या चारित्र्याच्या शाळेतील केवळ एक धडा नव्हे. ती वेदना त्या जीवाची स्वतःची आहे. जुन्या करारातील नियमशास्त्र हे जाणते. शब्बाथाची विश्रांती ते बैलाला आणि गाढवालाही देते. घरट्यात पिलांवर वा अंड्यांवर बसलेली पक्षीण सापडली, तर आईला सोडून द्यावे असे सांगते. आणि सर्वांत मार्मिक नियम निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात आहे : तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली दबून पडलेले दिसले, तर तसेच पुढे जाऊ नकोस, त्याला मदत कर. गाढवाच्या धन्याशी तुझे वैर असेल. गाढवाशी तर नाही ना? त्या ओझ्याला दोघांनी मिळून हात लावला, तर कदाचित वैराचे ओझेही उतरेल. प्रभू येशूनेही शब्बाथाच्या वादात परुश्यांना विचारले की, तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही काय? ज्यांच्या वाडीत विहीर वा बावखल आहे, त्यांना या प्रश्नाचे उत्तर शिकवावे लागत नाही.

येथवर आपण दयेचे समर्थन केले. आता दयेलाच काही विचारावयाचे आहे.

जखमी प्राणी पाहून मन द्रवणे ही पहिल्या क्षणाची गोष्ट झाली. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण बहुधा तेवढाच क्षण लक्षात ठेवतो : त्याला कळवळा आला, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. परंतु लूक यापुढे आणखी एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या शोमरोन्याने दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाला दिले, त्याची काळजी घेण्यास सांगितले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरण्याचे वचन दिले. मग तो आपल्या वाटेने गेला. त्या जखमी माणसावर त्याने मालकी सांगितली नाही, आणि त्याला वाऱ्यावरही सोडले नाही. खर्चाची तरतूद, योग्य हाती सोपविणे आणि परत येऊन विचारपूस करण्याची बांधिलकी, या तीन गोष्टींनी त्याची दया पुरी झाली. दयेची परीक्षा या दुसऱ्या दिवशी होते.

संकटातील प्राण्याला तात्पुरता सांभाळ देणारी कुटुंबे आज आपल्या गावाशहरांत आहेत. त्यांचे काम नेमके असेच आहे. पिले एकटी दिसली की ती उचलण्याची घाई करू नये. आई अन्न शोधायला गेलेली असू शकते, म्हणून काही वेळ दुरून पाहावे. ती खरोखर अनाथ असतील, तर अन्नाच्या आधी त्यांना ऊब द्यावी लागते. गाईचे दूध देण्याचा मोह आवरावा, कारण त्याने मांजरीच्या इवल्या पिलांना हगवण लागते. डोळे न उघडलेल्या पिलांना दर दोन-तीन तासांनी भरवावे लागते, रात्रीही. पुढे जंतांचे औषध, रेबीजची लस, नसबंदी. आणि मग त्यांना कायमचे घर देणाऱ्या कुटुंबाचा शोध. ते घर मिळाले की पिलू त्यांच्या स्वाधीन करावयाचे.

हा शेवटचा भाग सर्वांत कठीण. मुले रडतात. ज्याला रात्रभर छातीशी धरले, ते पिलू दुसऱ्याच्या मांडीवर बसून निघून जाते. पण येथेच ही सेवा आपल्याला काही शिकवून जाते. ज्याच्यावर आपला हक्क नाही, त्याच्यावर पूर्ण प्रेम करावे आणि त्याच्या भल्यासाठी ते सोडून द्यावे, ही गोष्ट आईबापांनाही एक दिवस शिकावी लागते. लेकीची पाठवणी करताना, मुलगा परदेशी जाताना. जो सोडू शकत नाही, तो पुढच्याला आश्रयही देऊ शकत नाही. एकामागून एक प्राणी घरात भरीत जाणारी माणसे आपण पाहतो. पहिल्या क्षणी त्यांचा हेतू शुद्ध असतो, पण शेवटी त्या घरात प्राणीही उपाशी, रोगट होतात आणि माणसेही. दयेला मोजमाप नसले, तरी जागेला, पैशाला आणि बळाला असते. पाचव्याला नीट सांभाळता येणार नाही हे ओळखून त्याच्यासाठी दुसरे दार ठोठावणे, हीदेखील दयाच होय.

या विषयात तिसरा पक्षही आहे, तो म्हणजे शेजारी. त्याच्या लहान मुलाला कुत्रा चावला आहे, पहाटे मिस्साला येताना त्याच्या आईमागे कुत्र्यांची टोळी लागली आहे. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात होतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच प्राण घेतो. म्हणून कुत्रा चावताच जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब लस घ्यावी. रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या दारापुढे बिस्किटे टाकून आपल्या बंद फाटकाआड जाणारा माणूस स्वतःला प्राणिमित्र म्हणवीत असेल. पण त्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण होते की नाही हे तो पाहत नसेल, तर त्याच्या दयेची किंमत शेजारचे मूल चुकविते. दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या दानाला दान म्हणत नाहीत.

मुंबईला हा वाद नवा नाही. १८३२ साली इंग्रज सरकारच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. रस्त्यावरचा संताप विरला असता. त्याची संस्था झाली म्हणून तो उपयोगी पडला. हाही एक ‘दुसरा दिवस’च म्हणावा लागेल. पुढे ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला आणि देशभर गदारोळ उठला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो सुधारला : नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त व आक्रमक मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात. न्यायालयाने माणूस आणि प्राणी या दोघांनाही विचारात घेण्याचा प्रयत्न केला. पण नसबंदीसाठी कुत्रे पकडून नेणे, शस्त्रक्रियेनंतर त्याला दोन-चार दिवस ठेवून घेणे, हे काम आदेशाने होत नाही. त्यासाठी कोणाच्या तरी पडवीत जागा लागते.

आणि कायदा काय करू शकतो? प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरविलेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंतचा! २०२० साली, कोरोनाच्या भीतीने आणि अफवांपायी काहींनी घरची कुत्री-मांजरे रस्त्यावर सोडली, तेव्हा त्यांना अडविणारी शक्ती या पन्नास रुपयांत नव्हती. हौसेने पिलू विकत घ्यावे आणि ते मोठे होऊन जड झाले की बाजारात सोडून यावे, हे अजूनही घडते. सोडून देणाऱ्यालाही पहिल्या दिवशी त्या पिलाचा लळा होताच.

म्हणून देवळाच्या आवारातील त्या प्रश्नाला आपले उत्तर असे असावे. होय, माणूस आधी. परमेश्वराच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झालेल्या भुकेल्याचे ताट कुत्र्यापुढे सरकविण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण माणूस आधी म्हणजे प्राणी कधीच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्या घरात म्हाताऱ्या आजीला वेळेवर पेज मिळते, त्याच घराच्या पडवीत एका लंगड्या कुत्र्याला महिनाभर जागा मिळाली, तर आजीचे काही उणे होत नाही. आणि आजीकडेच कोणी पाहत नसेल, तर कुत्र्याला हाकलून दिल्याने तिच्याकडे कोणी पाहू लागेल, असेही नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी आपल्या धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाने असा जीव घरात आणलेला दिसला, तर हिशेब विचारण्याआधी एवढेच विचारू या : लसीचा खर्च किती आला, आणि त्यातला थोडा आम्ही उचलू का? त्यांना सुट्टीत चार दिवस गावी जायचे असेल, तर तोवर त्या पिलाला आपल्याकडे ठेवून घेऊ. शोमरोन्याची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. उतारशाळेच्या मालकाचीही त्या गोष्टीत जागा आहे, आणि ती भरायला फारशी माणसे पुढे येत नाहीत.