दुसऱ्याच्या गांवची शांतता

विरारच्या पश्चिमेस अर्नाळा गांव आहे, आणि त्याच्या किनाऱ्यासमोर, वैतरणा नदीच्या मुखाशीं, एक लहान बेट आहे. तेथें होडीनें जावें लागतें. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही त्या बेटावर एक दिवस घालविला. माडांची सावली, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि भर दुपारीं लाटांवांचून दुसरा आवाज नाहीं. शहराच्या गजबजाटानें शिणलेल्या मनास हें सारें औषधासारखें वाटलें.

एक वृद्ध कोळीण दारापाशीं सुकी मासळी निवडीत बसली होती. बोलतां बोलतां आमच्या तोंडून निघून गेलें, "आजी, तुमचें गांव असेंच राहावें. येथें कांहीं बदलूं नये." ती हंसून म्हणाली, "तुम्ही संध्याकाळच्या होडीनं जाल, बाबा. रात्री एखादी बाई अडली तर आम्ही कसं जायचं?"

वाचकहो, या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. जिला आम्ही शांतता म्हणत होतों, ती खरोखर काय होती? पुरुष समुद्रावर गेलेले. बायका पहाटेपासून राबून दुपारीं क्षणभर टेकलेल्या. दरवर्षीं १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. तेव्हां किनारा अधिकच शांत होतो; परंतु त्या शांततेंत घरची मिळकतही थांबलेली असते. पाहुण्यास जो विसावा, तोच घरच्यांस घोर, असें होऊं शकतें.

या बेटाचा इतिहासही हेंच सांगतो. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें पोर्तुगीजांपासून घेतलें, आणि बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेनें तेथें किल्ला उभा राहिला. दोन वर्षांनीं, १७३९ सालीं, वसईही मराठ्यांच्या हातीं आली. पुढें १८ जून २०२५ रोजीं भारतीय नौदलांत दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेस याच किल्ल्याचें नांव देण्यांत आलें. सेनापतीस येथें नदीचें मुख दिसलें, आम्हांस विसावा दिसला. प्रत्येकानें बेटाकडे आपापल्या गरजेनें पाहिलें. तेथें राहणाऱ्याची गरज कोणीं विचारली?

कोणी म्हणेल, सोयी आल्या कीं गर्दी येते, कचरा येतो, आणि जें सुंदर होतें तें नासतें. ही भीति खोटी नाहीं. तथापि सौंदर्य राखण्याची किंमत कोणीं द्यावी? तें पाहून घरीं परतणाऱ्यानें दुसऱ्याच्या गैरसोयीवर आपला आनंद राखूं पाहणें न्यायाचें नाहीं. काय बदलावें व काय राखावें, याचा निवाडा जो तेथें रात्र काढतो त्याचा आहे.

म्हणून विश्रांतीस जाणें सोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. जावें, पण पाहुण्यासारखें जावें. कोणाच्या अंगणांत विचारल्यावांचून शिरूं नये, आपला कचरा आपणच परत आणावा, मासळीचा भाव करितांना तिच्यामागचे श्रम आठवावे. आणि गांवची स्तुति करण्यापूर्वीं गांवकऱ्यांस विचारावें कीं, तुम्हांस काय हवें आहे? तो प्रश्न आम्हीं त्या दिवशीं आजीस विचारला नाहीं. संध्याकाळची होडी आली, आणि आम्ही तींत बसलों.